मालकाचा रिपोर्ट सी-१, आमचा सी-२बी. ३५४ची नोटीस लागली आहे, चाव्या द्यायच्या का?

मेघना_पार्ले

नमस्कार मंडळी. लांबलचक आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आमची बिल्डिंग विलेपार्ले पूर्वेला. तळमजला अधिक तीन, १९६४ची, आरसीसी. सोळा बिऱ्हाडं, सगळी पागडीची (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन घेतलेलं कायमचं भाडेकरूपण). खाली एक वाणी, एक इस्त्रीवाला, एक झेरॉक्सवाला. आमचं भाडं महिना २१४ रुपये, पावती मालकांच्या भाच्याच्या सहीची. मालक अंधेरीला राहतात, आमचा जिना त्यांनी शेवटचा कधी चढला ते कोणालाच आठवत नाही. मागच्या अंगाला संडास आणि मोऱ्यांची लाईन आहे. त्या भिंतीत पिंपळ उगवलाय. दुसऱ्या मजल्यावरच्या मोरीचं पाणी खालच्या काकूंच्या ओट्यावर ठिबकतं, तिथे त्यांनी कायमची बादली लावून ठेवली आहे.

मार्चमध्ये मालकांनी बिल्डिंगची मजबुती तपासणारा ऑडिटर पाठवला. दोन मुलगे आले, हातोडीसारखं एक यंत्र, एक ड्रिल, जेवायच्या आत काम आटोपून गेले. मेमध्ये गेटवर महापालिकेच्या वॉर्डाची नोटीस: कलम ३५४, वर्ग सी-१, अतिधोकादायक, रिकामी करून पाडा. आम्ही वर्गणी काढून आमचा ऑडिटर आणला, त्याने सी-२बी दिलं. म्हणजे म्हणे घरात राहूनच दुरुस्ती. आता प्रकरण ‘टॅक’कडे जाणार असं ऐकतो. तेवढ्यात पाणी आणि वीज तोडण्याचं पत्र आलं.

मालकांनी बिल्डर आधीच बघून ठेवलाय. त्याचा माणूस रोज संध्याकाळी येतो, बोलायला गोड. “आजच चाव्या द्या, अकरा महिन्यांचं भाडं रोख देतो, बाकीचं मागाहून बघू.” कागद म्हणजे वहीतलं एक पान, त्यावर सही. तीन घरांनी दिल्यासुद्धा.

सासरे, म्हणजे आप्पा, ७९ वर्षांचे. त्यांच्याकडे जुन्या नोटिसांची एक फाईल आहे, १९९१पासूनची. त्यांच्या मते ही नोटीससुद्धा त्याच फायलीत लावायची आणि चहा टाकायचा. नवरा म्हणतो, निघू या. मी मध्ये. महापालिका आम्हाला खरंच बाहेर काढू शकते का? आणि बिल्डिंग पाडली तर आमची खोली गेली का? कोणाचा रिपोर्ट खरा मानायचा?

बंड्या_दादर

चाव्या अजिबात देऊ नका. सगळं साटंलोटं असतं. मालक ऑडिटरला पैसे चारतो, हवा तो वर्ग आणतो. थेट कोर्टातून स्टे आणा आणि निवांत बसा. आमच्या ओळखीत एकांनी स्टेवर किती पावसाळे काढले, बिल्डिंग अजून उभी आहे.

निवृत्त_दुय्यम

मेघनाताई, मी महापालिकेत इमारत व कारखाने खात्यात दुय्यम अभियंता होतो, आता निवृत्त आहे. तुमचा वॉर्ड माझ्याकडे कधी नव्हता, तेव्हा मोकळं बोलतो.

आधी बंड्याभाऊंना. कुर्ल्याची नाईकनगर सोसायटी जून २०२२मध्ये मध्यरात्री कोसळली, १९ माणसं गेली. तिला २०१३पासून नोटिसा होत्या. मध्यंतरी दुसरं ऑडिट होऊन ती ‘दुरुस्तीयोग्य’ वर्गात आली आणि लोक राहत राहिले. ‘अजून उभी आहे’ हे वाक्य आदल्या दिवशीपर्यंत तिच्याबद्दलही खरंच होतं. स्टे कागदाला मिळतो, कॉलमला मिळत नाही.

आता तुमचं. तुमच्यापुढे दोन भांडणं आहेत आणि तुम्ही (सगळेच भाडेकरू, एकट्या तुम्ही नाही) ती एकत्र कालवली आहेत. बिल्डिंग माणसांचा भार पेलण्याच्या स्थितीत आहे का, हे एक. तुमचा त्या खोलीवरचा हक्क, हे दुसरं. हक्क जाईल या भीतीने भाडेकरू बिल्डिंग ठणठणीत आहे म्हणून शपथ घेतो. मालकाला हक्क संपवायचा असतो म्हणून तो बरी बिल्डिंगसुद्धा मेली म्हणून सांगतो. मी वॉर्डात असताना टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हेच ऐकत असे.

महापालिका बाहेर काढू शकते का? हो. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८चा, त्यातलं ३५४वं कलम. मोडकळीला आलेली किंवा पडण्याचा संभव असलेली बांधणी पाडा, सुरक्षित करा, हटवा किंवा दुरुस्त करा असं आयुक्त मालकाला किंवा राहणाऱ्याला लेखी बजावू शकतात. ‘दुरुस्त करा’सुद्धा त्याच कलमात आहे बरं का, लोकांना ३५४ म्हटलं की फक्त बुलडोझर दिसतो. उच्च न्यायालयाने जून २०१४मध्ये सी-१ इमारतींसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यानुसार नोटीस देऊनही लोक हलले नाहीत तर पाणी-वीज तोडता येते आणि पोलिसांच्या मदतीने इमारत रिकामी करता येते. म्हणजे तुमच्याकडे आलेलं पत्र पोकळ धमकी नाही, पुढची पायरी आहे. पण त्याच तत्त्वांत दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. दोन रिपोर्ट एकमेकांच्या विरोधात असतील तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे, तुम्ही म्हणता त्या टॅककडे, जातं. आणि इमारत पाडण्याआधी प्रत्येक खोलीचं चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली जागा) मोजून, कोण राहतं ते नोंदवून ठेवावं लागतं. ही मोजणीची यादी म्हणजे तुमचा जीव. तिच्यावर नाव आणि आकडा बरोबर हवा, आणि शिक्क्याची प्रत तुमच्या हातात हवी.

पाडली तर खोली गेली का? नाही. सांगलीचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. तिथे इमारत महापालिकेनेच पाडली होती आणि मालकाचं म्हणणं, वास्तूच राहिली नाही तर भाडेकरू कशाचा? २०१४ साली निकाल लागला: इमारत गेल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, खालची जमीन आहेच. तुमच्या वकिलाला ‘शहा रतनशी खिमजी’ एवढं सांगा, तो समजेल.

म्हणून वहीतल्या पानावर सही करून चावी देणं हा यातला सगळ्यात वाईट मार्ग. नोटिशीने घराबाहेर पडलेला माणूस भाडेकरूच असतो. पैसे घेऊन स्वखुशीने चावी दिलेल्या माणसाला उद्या ‘याने ताबा सोडला’ म्हणायला मालक मोकळा. त्या तीन घरांना आजच गाठा आणि कशावर सही केली त्याची प्रत मागा.

दोन्ही रिपोर्टांतले आकडे इथे टाका, मग बोलू. सगळा रिपोर्ट नको, चाचण्यांचं पान पुरे. फोटो कुठले आहेत तेही लिहा.

एक_मालक_मुलुंड

मी मालक आहे, त्यामुळे आता शिव्या पडतील. पडू द्या. माझ्या आजोबांनी बांधलेली बिल्डिंग, बावीस भाडेकरू. महिन्याचं सगळं भाडं मिळून माझ्या मुलाच्या क्लासची फी भरत नाही. मालमत्ता कर मी भरतो, पाण्याची टाकी फुटली की फोन मला. दुरुस्तीला प्रत्येकी पन्नास हजार काढा म्हटलं तर “मालक तुम्ही, आम्ही का?” तीच खोली विकताना मात्र पागडी लाखांत घेतात. ३५४ची नोटीस पडावी असं मला वाटत नाही असं मी म्हणणार नाही. पण सगळेच ऑडिटरला चारत नाहीत. माझ्या बिल्डिंगच्या स्लॅबच्या सळया मी स्वतःच्या नखाने खरवडल्या आहेत, पापुद्रे निघतात.

निवृत्त_दुय्यम

मुलुंडकर, शिव्या कशाला? तुमचं अर्धं मला मान्य आहे. भाडे नियंत्रण कायद्याचं १४वं कलम बघा. दुरुस्ती मालकाने करायची, त्याने केली नाही तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने करायची आणि भाड्यातून वळती करायची. किती? वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. मेघनाताईंच्या भाड्यावर हिशेब करा: वर्षाचे २,५६८, त्याचा चौथा हिस्सा ६४२ रुपये. सिमेंटची दोन पोतीही धड येत नाहीत. सोळा घरांचे मिळून १०,२७२. त्यात एका कॉलमला परांची बांधून होईल, कॉलम तसाच. कायदा करणाऱ्यांनी भाडं गोठवलं, त्याबरोबर दुरुस्तीही गोठली. ३५४ची नोटीस म्हणजे त्या साठ वर्षांचं बिल, आणि ते फोडायचं कोणाच्या डोक्यावर एवढाच तंटा चालू आहे.

तुमची बाकीची अर्धी बाजू मला पटत नाही. मोऱ्यांचे पाईप बदलायला पन्नास हजार लागत नाहीत. ते पाईप वीस वर्षांपूर्वी बदलले असते तर निम्म्या नोटिसा निघाल्याच नसत्या.

शनवारातला

पुण्यातून डोकावतो. आमच्याकडे मुंबईचा कायदा नाही, १९४९चा महानगरपालिका अधिनियम आहे, त्यातलं २६४वं कलम साधारण तेच काम करतं. दर मे महिन्यात वाड्यांवर नोटिसा चिकटतात. मालक आणि भाडेकरू दोघंही त्या वाचत नाहीत, फक्त तारीख बघतात.

वाड्यांचं दुखणं वेगळं. मातीच्या आणि विटांच्या भिंती, लाकडी खांब, तुळया. वाडा आपल्या आपण सहसा पडत नाही. शेजारचा पाडला की पडतो. दोन वाड्यांची सामाईक भिंत शंभर वर्षं कोरडी असते, शेजारी पाया खणला की ती उघडी पडते आणि पहिल्या पावसात पाणी पिते. भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक कुजतं, बाहेरून काही दिसत नाही, बोटाने दाबलं तर भुसा. आमच्या वाड्यात हेच झालं. शेजारच्या बिल्डरने भिंतीला ताडपत्री लावतो म्हणून कबूल केलं, लावली, ती वाऱ्याने उडाली, परत कोण लावतो! तुळईला टेकू देऊन आम्ही तो पावसाळा मागच्या दोन खोल्या बंद ठेवून काढला.

ताई, तुमच्या शेजारी खोदकाम चालू असेल तर तेही रिपोर्टात यायला हवं.

मेघना_पार्ले

सगळ्यांचे आभार. शेजारी खोदकाम नाही.

काका, आकडे देते. मालकांच्या रिपोर्टात ‘यूपीव्ही’ म्हणून तक्ता आहे: १.८, २.१, २.३, २.०, १.९. कोअर, म्हणजे ड्रिलने काढलेले काँक्रीटचे नमुने, तीन ठिकाणचे. फोटो छत्तीस आहेत आणि आत्ता तुम्ही विचारल्यावर नीट बघितलं तर छत्तीसच्या छत्तीस मागच्या संडासाच्या लाईनचे. पिंपळाचेच पाच. आमच्या रिपोर्टात यूपीव्ही ३.३, ३.६, ३.४, ३.७. कोअर काढलेला नाही. ‘हाफ सेल’ दोन्हीत नाही. आमच्या ऑडिटरने मागे यंत्र लावलं का ते मला आठवत नाही, त्या दिवशी मी ऑफिसात होते. आप्पांना विचारलं, ते म्हणाले, “मागे कशाला जाईल तो, घाण वास येतो.”

निवृत्त_दुय्यम

आप्पांनी एका वाक्यात टॅकचं काम करून टाकलं.

यूपीव्ही म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते त्याचं माप, किलोमीटर प्रति सेकंद. १९९२च्या भारतीय मानकाप्रमाणे ३.५च्या वर चांगलं, ३ ते ३.५ मध्यम, ३च्या खाली शंकास्पद धरत. २०१८पासूनचं मानक याहून कडक आहे. तेव्हा दोन्ही ऑडिटर खरं बोलताहेत. मालकाचा मागे गेला, तुमचा पुढे. तुमच्या बिल्डिंगचे पुढचे कॉलम साठ वर्षांच्या मानाने ठीक आहेत आणि मागचे वाईट आहेत. २च्या आसपासचा आकडा म्हणजे आत भेगा आणि पोकळ्या. मला तो एकही आवडत नाही.

कारण तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं आहे, ती बादली. लोकांना वाटतं पावसाने बिल्डिंग पडते. पाऊस वर्षातून चार महिने, मोरी बारा महिने. पाणी काँक्रीटमध्ये मुरतं, सळई गंजते, गंजली की फुगते, फुगली की वरचं काँक्रीट फोडते. मग प्लास्टर पडतं, आपण गिलावा करून रंग देतो आणि आत सळई बारीक होत जाते. एका बिल्डिंगमध्ये रहिवाशांनी संडासातल्या कॉलमला गुलाबी टाईल्स लावून घेतल्या होत्या, डोक्याच्या उंचीपर्यंत. आम्ही चार टाईल्स काढल्या. मागे सोळा एमएमची सळई असायला हवी होती, तिथे नुसती एक काडी आणि लाल चुरा. टाईल्स मात्र नव्याकोऱ्या.

थोडं विषयांतर करतो. या शहराला घरं बंद करायचा अधिकार गाजवायची सवय लागली ती १८९६च्या प्लेगात. तेव्हा धोकादायक म्हणून नाही, रोगट म्हणून घरं बंद होत. दारावर ‘यू.एच.एच.’ अशी इंग्रजी अक्षरं रंगवत, माणसांनी राहण्यास अयोग्य. कौलं उतरवून आत ऊन सोडत. १८९८ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड काढले. रस्ते उत्तम झाले. ज्यांची घरं गेली त्यातले पुष्कळ लोक शेजारच्या चाळीत आणखी दाटीने कोंबले गेले, कारण त्यांना कामापासून लांब जाऊन चालणार नव्हतं. आमच्या खात्यात हा इतिहास कोणी शिकवत नाही, मी निवृत्त झाल्यावर वाचला. मला त्यात नवल वाटलं ते याचं की तेव्हाचा ‘रोगट’ आणि आताचा ‘धोकादायक’ हे शेरे बहुतेक एकाच जागेवरून सुरू होतात, मोरी आणि संडास. कायद्यात दोन्हीची कलमं वेगळी, खाती वेगळी. संडास तुंबल्याची तक्रार आरोग्य खात्याकडे, त्याच संडासामागचा कॉलम इमारत खात्याकडे. दोघे एकमेकांना क्वचितच भेटतात.

असो. टॅकपुढे काय मागायचं ते सांगतो. ‘आमचा रिपोर्ट खरा माना’ असं मागू नका, तिथले अभियंते दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पाच मिनिटांत ओळखतील. दोन्ही बाजूंच्या समोर पुन्हा चाचण्या करा असं मागा. पुढच्या आणि मागच्या, दोन्हीकडच्या कॉलमवर, प्रत्येक मजल्यावर. यूपीव्ही, कोअर, हाफ सेल. हाफ सेलमध्ये उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला की सळई गंजतेय असं जवळजवळ धरून चालतात. आणि फिनॉल्फ्थॅलीनची चाचणी तुम्ही स्वतः उभ्या राहून बघा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर ते पाण्यासारखं औषध फवारतात. निरोगी काँक्रीट डोळ्यांदेखत गुलाबी होतं, रंगपंचमीसारखं झगझगीत. ज्याचा कस गेलाय ते ओलं होतं आणि तसंच राखाडी राहतं. ती राखाडी पट्टी सळईपर्यंत पोचली असेल तर सळईचं संरक्षण संपलं. याला ऑडिटरचा शब्द लागत नाही, आप्पांनाही दाखवा.

माझा अंदाज विचाराल तर, आणि तो इथे बसून केलेला अंदाजच आहे, तुमची बिल्डिंग सी-२ए निघेल. म्हणजे मोठी दुरुस्ती, पण रिकामी करून. हे मालकाला नको आहे कारण पाडता येत नाही, आणि तुम्हाला नको आहे कारण बाहेर पडावं लागतं. पण आकडे तसंच म्हणतात.

टॅकचा निकाल येईपर्यंत दोन कामं. मागच्या लाईनला लागून ज्यांची निजायची खोली आहे त्यांनी आजपासून पुढच्या खोलीत झोपायचं. आणि मागच्या कॉलमांच्या बाजूने लोखंडी टेकू. ते तळमजल्यापासून वरपर्यंत, एकाखाली एक, सरळ रेषेत लावायचे. मी लोकांना फक्त तिसऱ्या मजल्यावर टेकू लावून स्वस्थ बसलेलं पाहिलंय, तो भार दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबच्या पोटात घालण्यासारखं आहे. टेकूसाठी वॉर्डाला लेखी कळवा, पोच घ्या.

शिवाय खाली उतरून झेरॉक्सवाल्याच्या दुकानात जा. शटर रुंद करताना, एसी बसवताना किंवा कपाट भिंतीत ढकलताना त्याने कॉलमला हात लावलाय का ते बघा. घाटकोपरची साईसिद्धी जुलै २०१७मध्ये पडली, १७ जण गेले, तिथे तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं. आणि डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मार्केटची इमारत २०१३मध्ये पडली, ६१ माणसं. ती खुद्द महापालिकेच्या मालकीची, आत राहणारे महापालिकेचेच कर्मचारी. कोणाची मालकी आणि कोणाचा रिपोर्ट हे कॉलमला कळत नाही.

लालबागकर_७९

वरच्या काकांचं सगळं बरोबर, पण हे वाचणाऱ्या शहरातल्या लोकांनी गोंधळ करून घेऊ नये म्हणून लिहितो. पार्ल्याची बिल्डिंग उपनगरातली, तिला उपकर (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी घेतात तो कर) लागू नाही. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या भाड्याच्या इमारती उपकरप्राप्त असतात आणि त्यांना म्हाडाचं दुरुस्ती मंडळ असतं. १९६९ साली मंडळ झालं तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. तिथे म्हाडा कायद्याच्या ७९-अ कलमाची वेगळी भानगड आहे: मालकाला सहा महिने, त्याने प्रस्ताव दिला नाही तर भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, तेही नाही जमलं तर म्हाडा ताब्यात घेणार. कागदावर छान आहे. संक्रमण शिबिरात, म्हणजे म्हाडाच्या तात्पुरत्या घरांत, गेलेली माणसं आणि त्यांची तिथेच वाढलेली नातवंडं मी पाहिली आहेत, म्हणून एवढंच म्हणतो की जाताना परत यायचा कागद घेऊन जा.

मेघना_पार्ले

काका, काल आम्ही सगळे गच्चीवर जमलो. तुमचं लिहिलेलं मी मोठ्याने वाचून दाखवलं. सी-२ए ऐकून दोघं उठून गेले. मालकांच्या बाजूने बोलणारा एक निघाला, तो आमच्याच मजल्यावरचा, तेव्हा कळलं चौथी चावी कोणाची जाणार होती.

झेरॉक्सवाल्याच्या दुकानात गेलो. लॅमिनेशनच्या मशीनमागे कॉलम आहे आणि त्याला तीन बोटं खोल खाच मारून इलेक्ट्रिकचा बोर्ड बसवलाय. तो म्हणाला, आधीच्या भाडेकरूने केलं. आधीच्याने, म्हणजे आप्पांना विचारलं तर, १९९८ साली. त्याचा फोटो काढून वॉर्डाला दिला, पोच घेतली.

आप्पांचं सांगते. त्यांची ती नोटिसांची फाईल आम्ही उघडली. १९९१, १९९६, २००४, तिन्ही नोटिसा दुरुस्तीच्या होत्या, पाडायच्या नव्हत्या, आणि तिन्ही मागच्या भिंतीबद्दल. त्यांनी स्वतः परत वाचल्या, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, मोजणीवाले येणार असतील तर मी असेन. बाहेर पडायचं की नाही यावर अजून बोलत नाहीत. पण रात्री पुढच्या खोलीत झोपले.

त्या तीन घरांपैकी दोघांनी पानाची प्रत आणून दिली. त्यात ‘खोलीचा ताबा स्वखुशीने सोडत आहे’ असं चक्क लिहिलंय. वकिलांनी दोघांच्या वतीने बिल्डरला पत्र पाठवलंय की नोटीस लागू असताना, जिवाच्या भीतीने बाहेर पडलो, हक्क सोडलेला नाही. तिसरे गावी गेलेत, फोन उचलत नाहीत.

मोजणी सोमवारी आहे. शेवटचा प्रश्न: माळा धरतात का? आणि आम्ही पुढची गॅलरी ॲल्युमिनियमच्या खिडक्या लावून बंद केली आहे, ती?

निवृत्त_दुय्यम

माळा चटई क्षेत्रात येत नाही, त्यावरून वाद घालू नका, वेळ जातो.

गॅलरी वेगळी लिहून घ्या. खोलीच्या आकड्यात मिसळू देऊ नका. मिसळली तर आज चार फूट जास्त दिसतील, आणि उद्या मालकाचा वकील ‘हे बांधकामच अनधिकृत’ म्हणून सगळी मोजणी वादात ओढेल. खोली इतकी, गॅलरी इतकी, अशा दोन ओळी. टेप त्यांची असली तरी दुसरं टोक तुमच्यातल्या कोणीतरी धरा. भिंतीच्या आतल्या बाजूपासून आतल्या बाजूपर्यंत, प्लास्टरच्या पृष्ठावर. आप्पांच्या नावाची सगळ्यात जुनी भाडेपावती आणि चालू वर्षाची, दोन्ही टेबलावर ठेवा. नाव पावतीवर आहे तसंच उतरवायला लावा, ‘दत्तात्रय’चं ‘दत्तात्रेय’ झालं तरी पुढे शपथपत्रं करत बसावं लागतं.

पुढे कधी पुनर्विकास झालाच तर उपनगरातल्या अशा भाडेकरू इमारतींना विकास नियमावलीतला ३३(७)(अ) लागतो. तेव्हा बिल्डरबरोबर कायमस्वरूपी पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार करायचा, वहीतलं पान नाही. पण ते पुढचं. सोमवारी त्या मोजणीवाल्याला मागच्या मोरीतही न्या, नाकाला रुमाल लावून का होईना. मोरी तुमच्या एकट्याच्या वापरात असेल तर तीही तुमच्या क्षेत्रात येते आणि वास येतो म्हणून ती सर्रास राहून जाते.